सायकलच्या ट्यूबचे दोन वायसर

हनीफभाई,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी घरातला रेडिओ एकदाही नीट ऐकलेला नाही. लावतो, जरा खरखर आली की उठतो, एरियल फिरवतो, बसतो, पुन्हा उठतो, शेवटी बंद करतो. काल बायको म्हणाली, "रेडिओले काई नाही झालं. तुमालेच झालं हाये."

झालं आहे खरं. तुम्हाला सांगायची एक गोष्ट गेल्या नवरात्रापासून माझ्याजवळ पडून आहे. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. आता तुम्ही मधे बोलणार नाही, "थांबा मास्तर, उलटं सांगून राह्यले" असं म्हणणार नाही, तेवढ्याचाच फायदा घेतो आणि लिहितो.

त्याआधी तुमच्या मयतीची माफी. मानोऱ्याला सगळं गाव उभं होतं. डोक्याला रुमाल बांधून मीही उभा होतो. माझी पाळी आली, मी मूठभर माती टाकायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातला छोटा ट्रान्झिस्टर दाबला जाऊन सुरू झाला. सोयाबीनचे बाजारभाव. तेही खणखणीत. त्या शांततेत कारंजाचा भाव संपून वाशीमचा सुरू झाला तरी मला बटण सापडेना. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मास्तर, बंद करा न." तुम्ही असता तर म्हणाला असतात, राहू द्या, स्टेशन चांगलं लागलं. तो सेट तुमच्याच हातचा होता.

आपली पहिली भेटही अशीच अब्रू काढणारी. मी इंझोरीला शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून मला वाटायचं की रेडिओ आपण घरी उघडू शकतो. उघडला. बंद केला तेव्हा पाच भाग उरले. ते स्टीलच्या डब्यात घालून मानोऱ्याला तुमच्या रेडिओच्या दुकानात आलो. तुम्ही डब्याकडे पाहिलं.

"पोहे आणले का?"

"सुटे भाग आहेत."

"उघडतांनी मोजले होते?"

"नाही."

"मंग यातला एखादा माह्या दुकानातला निघाला तरी तुमाले समजणार नाही." आणि पुढे केलेल्या डब्यातून एक स्क्रू उचलून म्हणालात, "हा तर रेडिओचा नाहीच. शिलाई मशीनचा हाये. घरी विचारा, मशीन बंद हाये का."

बंद होतं.

त्या दिवशी तुमचा तो नियम पहिल्यांदा पाहिला. सेट दुरुस्त झाला, पाठीचं झाकण बसलं, तीन स्क्रू तुम्ही लावले आणि चौथा माझ्या हातात दिला. अगोदर एक गाणं पूर्ण ऐकायला लावलं. मग विचारलं, "तसल्ली झाली?" मी हो म्हटल्यावर बोट दाखवलं: आता तुम्ही लावा. शेवटचा स्क्रू गिऱ्हाईकानं लावायचा. ज्याला तसल्ली नाही, त्याचा स्क्रू कागदात गुंडाळून, वर नाव लिहून, तुमच्या बिस्किटाच्या डब्यात जायचा आणि तो हो म्हणेपर्यंत तिथंच राहायचा. मी त्याची खूप चेष्टा केली. म्हटलं, एक स्क्रू कमी असलेली अर्धी वस्ती तुमच्यामुळे मानोऱ्यात फिरते. तुम्ही म्हणालात, "अन् त्यातले तुमी पयले."

आता नावेकडे येतो. यायलाच पाहिजे.

निवृत्त झाल्यावर धरणावरच्या मच्छीमार संस्थेनं मला सचिव केलं, कारण अर्ज लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. जुनी पत्र्याची नाव होती तोवर आपल्यात वाद नव्हता. तुम्ही तिच्यावर एका मोडीतल्या जीपचा रेडिओ बसवून दिला होता, बॅटरीवर चालणारा. गाणी होतीच, पण तो खरा लागायचा ढगासाठी. धरणाच्या मधोमध मोबाइलला रेंज नाही आणि टेकडीआडचा ढग दिसत नाही. पण मीडियम वेव्हवर वीज आधी बोलते, 'कड्' असा आवाज करून. सुटी एक कड आली तर लांब आहे. कडेला कड लागून आली की जाळं आहे तिथं सोडायचं आणि काठ धरायचा. नाव चालवणारा देविदास हे बापापासून करत आलेला. रेडिओ त्याच्या कानाशी, डोळे पाण्यावर.

मग संस्थेला फायबरची नाव मिळाली. पिवळी, हलकी, नव्या नवरीसारखी. रेडिओ उचलून तिच्यावर लावला आणि भज्यांची कढई सुरू झाली. खर्रर्र. त्या खरखरीत स्टेशन कुठं, ढग कुठं, काही कळेना.

मी निदान केलं. नावेच्या नव्या अंगावर खडूनं आकृती काढून सगळ्यांना वीस मिनिटं समजावलं की फायबर रेडिओच्या लहरी पिऊन टाकतं, म्हणून एरियल उंच पाहिजे. देविदासनं विचारलं, "सगळंच पेते का हे? मंग मासोळ्यायले पाणी उरन न?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

तुम्ही एसटीनं आलात, पिशवी खांद्याला. नाव बोटांनी वाजवून पाहिली आणि माझी आकृती वाचली. "मास्तर, फायबर काईच पीत नाही. त्याचा तर बाराही महिने रोजा हाये." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "पत्र्याची नाव सोताच पाण्यात बसली होती. रेडिओचा एक पाय पाण्यात होता. आता त्याले पायच नाही. एरियल म्हंजे वरचा हात. नुसतं हातानं लटकून तो किती वेळ बोलन?"

घरून तुम्ही जुन्या तांब्याच्या बंबाचा पत्रा कापून आणला होता, परातीएवढा. तो नावेच्या मागच्या अंगाला पाण्याखाली राहील असा टांगलात. वरच्या कडेला बोल्ट, बोल्टाला तार, तार रेडिओच्या पत्र्याच्या अंगाला. बस. नाव पाण्यात ढकलली, बटण फिरवलं आणि बातम्या वाचणारी बाई जणू आमच्यातच पाटावर बसून वाचू लागली.

तुम्ही चौथा स्क्रू माझ्यापुढे धरलात. "तसल्ली झाली?"

झाली होती हो! पण खडूची आकृती अजून नावेवर होती आणि पाच माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आठ दिवस बघू."

"बरं. माह्यापाशी राहीन." तुम्ही स्क्रू खिशात टाकला.

पाचव्या दिवशी लाटेनं पत्रा हलून बोल्टावरचा नट ढिला झाला. तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही म्हणाला असतात, आवळा. पण मी पडलो सुधारणा करणारा माणूस. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन गोल वायसर कापले. एक तारेच्या खाली, एक वर. बोल्टाला गंज चढू नये म्हणून त्यालाही ट्यूबची पट्टी गुंडाळली. वरून नट आवळला. असा घट्ट, की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी कढई परत सुरू.

पोरंसोरं नाही, चांगली मोठी माणसं हसली. "हनीफभाईचा बंब थंडा पडला." हा शब्द धरणावर महिनाभर चालला. मीही हसलो आणि बांबू उभा केला, पंधरा हाताचा, वरपर्यंत तार गुंडाळलेला. खरखर थोडी कमी झाली. थोडीच. पण माझं निदान खरं ठरल्यासारखं दिसायला तेवढी पुरली.

तुम्ही फोनवर विचारलं, "नट घट्ट हाये न?"

"एकदम घट्ट."

यात खोटं काही नव्हतं, हनीफभाई. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.

"मंग समजून नाही राह्यलं. मी येतो. पण मास्तर, तो बांबू काढा पयले. मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच काय, तर तुमचा बांबू. अन् त्याले तार. विजेले चिठ्ठी पाठवून राह्यले का?"

मी हसण्यावारी नेलं.

नवरात्राच्या आधीची ती दुपार. देविदास आणि आणखी तिघं पाण्यात, मी काठावर झाडाखाली. टेकडीआडून ढग आला. रेडिओ सकाळपासून खरखरतच होता, त्यात विजेची कड वेगळी ऐकू येणार कशी? ते परतायला लागले तेव्हा ढग डोक्यावर होता. नाव काठाला लागते न लागते तोच पलीकडच्या बाभळीवर वीज पडली. मला आवाज आठवत नाही. वास आठवतो. कोणाला काही झालं नाही. देविदास खाली बसला. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, रेडिओ बोललाच नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटा गेलो आणि तो नट खोलला.

रबर. खाली रबर, वर रबर, बोल्टाला रबर. तुमच्या तांब्याला तुमची तार शिवतच नव्हती. तीस वर्षं, दर वर्षी, मी फळ्यावर लिहिलं होतं, "रबरातून वीज वाहत नाही." खाली दोन रेघा मारायचो. परीक्षेत हमखास विचारायचो. मी तिथं पाण्यात गुडघाभर उभा राहून एकटाच हसलो. मग हसू गेलं, कारण काल बाभळीच्या जागी काय असू शकलं असतं, ते नीट दिसलं.

वायसर काढून खिशात घातले. तांबं घासलं. तार लावून आवळली. तेवढ्यात देविदास आणि मंडळी आली.

"काय करून राह्यले मास्तर इतक्या सकायी?"

तोंड उघडलं तेव्हा मला खरंच सांगायचं होतं. बाहेर पडलं ते असं: "बांबू दोन हात वाढवून पाहतो."

वाढवला. रेडिओ लावला. स्वच्छ. देविदासनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पाण्यात पडता पडता वाचलो. त्या दिवसापासून तो "मास्तरचा बांबू" झाला. मला चहा पाजला, आणि मी तो प्यायलो.

बाजाराच्या दिवशी देविदासनंच तुम्हाला ही बातमी दिली. संध्याकाळी तुमचा फोन.

"बांबूनं झालं म्हणते देविदास. खरं?"

"झालं खरं."

दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग तुम्ही म्हणालात, "मंग माह्याच डोक्यात काई तरी चुकीचं हाये. चाळीस वर्सं लोकायले उलटं सांगतलं काय मी?"

इथं, हनीफभाई. इथं बोलायचं होतं. एक वाक्य. मी म्हटलं, "जाऊ द्या न, वाजलं ना, बस."

थंडीत तुम्ही आलात. शर्ट अंगावर दोन माप मोठा वाटत होता. काठाला बांधलेल्या नावेत बसलात आणि म्हणालात, "बांबू उतरवून एकडाव ऐकू." एवढ्यानं सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "लय घट्ट बांधला आहे, सोडायला वेळ लागते. चहा घेऊ." तुम्ही जागचे हलला नाहीत. तारेवरून बोट फिरवत फिरवत बोल्टापर्यंत नेलंत. नट चिमटीत धरून थोडा फिरवलात. मग माझ्याकडे पाहिलंत.

"मास्तर, तुमी इंझोरीले विज्ञानच शिकवत होते न?"

"हो. काहून?"

"नाही. असंच."

तुम्ही गेल्यावर मी धावत जाऊन पाहिलं. बोल्टाच्या आट्यात काळ्या रबराची एक चिंधी अडकून राहिली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तुम्हाला ती दिसली का? तुमच्या डोळ्यांना तेव्हा मोतीबिंदू होता. पण तुमच्या बोटांना नव्हता.

पुढे दवाखाने सुरू झाले. शेवटच्या फोनवर तुम्ही हॅलोसुद्धा म्हटलं नाही. आवाज इतका बारीक की मीच माझा फोन हलवून पाहिला. "बांबू काढला का?"

"काढतो."

"ढग यायच्या आधी काढा."

परवा तुमच्या घरी गेलो. शमीमभाभींनी चहा ठेवला आणि तो बिस्किटाचा डबा आणून समोर उघडला. "यायनं सांगून ठेवलं होतं, ज्याचा त्याले द्यायचा." पंचवीस-तीस पुड्या असतील. माझी वरच होती. तुमच्या आडव्यातिडव्या अक्षरात, "मास्तर. इंझोरी. नाव." कागद जुन्या कॅलेंडरचा. आणि कागदावर बांधायला सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं.

माझा हात तिथंच राहिला.

मग मी निर्लज्जासारखं सगळ्या पुड्या चाचपून पाहिल्या. बहुतेकांना दोरा. काहींना काहीच नाही. आणखी दोघांच्या पुड्यांना ट्यूबची कडी होती, एक कोणी शिंपी आणि एक पानठेलेवाला. हाताला लागेल ते तुम्ही बांधायचात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला या कड्यावरून ठरवता येत नाही.

"काय पाहून राह्यले, मास्तर?" भाभींनी विचारलं.

"काही नाही. भाभी, ते माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

"तुमचं नाव निंगालं की हसत. काहून ते सांगत नव्हते."

कधीपासून हसत होते, हे विचारायचं मला सुचलं नाही. बसमध्ये बसल्यावर सुचलं. थंडीतल्या त्या दिवसानंतर हसत असाल तर ठीक आहे, तुम्ही मला पकडलं होतं आणि माझी गंमत बघत बसला होता. पण त्या स्टीलच्या डब्यापासूनचंच ते हसू असेल तर? तर तुम्ही आपलं डोकं चुकलं असं समजून गेलात, आणि ते मी केलं. या दोन टोकांमध्ये मी परवापासून येरझारा घालतो आहे.

आज सकाळी धरणावर गेलो. पश्चिमेला वैशाखातले ढग जमायला लागले होते. देविदास आणि मंडळी जाळी भरत होती. मी खिशातून ते दोन वायसर काढून त्याच्या तळहातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. नट, रबर, नवरात्र, बाभूळ, वाढवलेले दोन हात.

देविदास वायसरांकडे बघत राहिला. "म्हंजे त्या माणसाले बंब बंब म्हणून आमी फुकट हसलो?"

"हो."

"अन् त्या दिवशी आमी मेलो असतो."

"हो."

"रबर?"

"रबर."

"माह्या पोरीले विज्ञान तुमीच शिकवलं न?"

"हो."

"पास कशी झाली मंग ते?"

कोणी हसलं नाही. तोही हसला नाही. वायसर त्यानं माझ्या हातात परत दिले, फेकले नाहीत, आणि बांबूच्या दोऱ्या सोडायला लागला. मी दुसऱ्या बाजूनं लागलो. घट्ट बांधला आहे म्हणून तुम्हाला सांगितलं होतं. सोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बांबू काठावर आडवा टाकला. रेडिओच्या पाठीमागे एरियलची वीतभर तार उरली, बस. खाली पाण्यात तुमचा बंबाचा पत्रा.

देविदासनं बटण फिरवलं. गाणं लागलं. कढई नाही, काही नाही. एका ओळीच्या मधे एक बारीकशी कड आली. सगळे थांबले. देविदासनं कान लावला.

"लांब हाये," तो म्हणाला.

तरी नाव काठावरून सोडली नाही. थोड्या वेळानं दुसरी आली, मग तिसरी, मग कडेला कड. आभाळ आमच्या डोक्यावर तेव्हाही निळंच होतं. देविदासनं उचललेलं जाळं खाली ठेवलं आणि टेकडीकडे तोंड करून, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "हनीफभाई, बराबर हाये तुमचं."

तुम्ही ऐकायला हवं होतं ते त्याच्या तोंडून. खरं तर ते माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, नवरात्रातच.

मग मी पुडी सोडली. कडं खिशात ठेवलं आणि स्क्रू रेडिओच्या चौथ्या भोकात धरला. चार-पाच फेरे दिले आणि थांबलो. पुढचा फेरा देण्याआधी विचारणारा माणूस लागतो, आणि तो विचारल्याशिवाय स्क्रू पूर्ण बसवायचा नाही, हा तुमचाच नियम. तुम्ही विचारलं असतं तर यावेळी मी आठ दिवस मागितले नसते. दोन आटे बाहेर ठेवूनच मी हात मागे घेतला.

देविदासनं वाकून पाहिलं. "पडन न तो लाटेनं, मास्तर. काई तरी लावा त्याच्याखाली."

"नाही बाप्पा," मी म्हटलं. "मी काहीच लावत नाही."